मोडी वाटणीपत्रात ‘कुलकर्णी’, शाळेत ‘पिंपळगावकर’: माणूस एकच हे कसं ठरवायचं?

खापरपणतू:

सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं घराणं आहे. एकोणिसाव्या शतकातल्या एका पूर्वजाचा माग काढतो आहे. हातात चार गोष्टी आहेत.

एक, मोडी वाटणीपत्र. त्यात ‘आप्पाजी राघो कुलकर्णी’ हे नाव स्पष्ट लागतं. साल ‘शके १७’ एवढं नीट दिसतं, पुढचा आकडा घडीवर आल्याने पुसट आहे, शेवटचा १. म्हणजे १७६१ किंवा १७९१. त्यापुढे ‘शुक्ल’ असं काहीतरी आहे आणि तिथी फाल्गुन वद्य ३.

दोन, शाळेच्या रजिस्टरातली १८९४ ची नोंद: ‘विष्णू आप्पाजी पिंपळगावकर’, वय ७.

तीन, आजचा सातबारा, गट नंबरासह.

चार, घरात चालत आलेलं वाक्य: ‘आपण मूळचे नाशिककडच्या पिंपळगावचे.’

प्रश्न असे. वाटणीपत्रातले आप्पाजी आणि विष्णूचे वडील आप्पाजी एकच का? आडनाव का बदललं? पिंपळगावकर या आडनावावरून नाशिकचं पिंपळगाव बसवंत हेच मूळ गाव धरता येईल का? आणि राघोच्या मागे जायचं तर कुठले कागद, कुठल्या कचेरीत मागायचे?

शके_संवत्सर:

आधी साल पक्कं करा, बाकी सगळं त्यावर उभं आहे. उत्तर तुमच्याच कागदात आहे.

शकाच्या आकड्यानंतर ‘अमुकनाम संवत्सरे’ लिहायची पद्धत होती. संवत्सरांची नावं साठ, त्यामुळे तीस वर्षांच्या अंतराने एकच नाव येऊच शकत नाही. शके १७६१ चं संवत्सर विकारी, शके १७९१ चं शुक्ल. तुम्हाला ‘शुक्ल’ दिसतंय म्हणजे १७९१. ‘हा शुक्ल पक्ष तर नसेल?’ अशी शंका येईल. पण मोडी दस्तात पक्ष ‘शुद्ध’ किंवा ‘शु॥’ असा येतो, आणि तो महिन्याच्या नावानंतर. तुमचा शब्द आकड्याला लागून आहे आणि पुढे पक्ष ‘वद्य’ आहे, तेव्हा तो संवत्सरच. नंतर ‘नाम’ किंवा ‘संवछरे’ असं वळण दिसतंय का ते भिंगाने बघा. लिहिणारा ‘संवत्सर’ हा शब्द शुद्ध लिहीलच असं नाही.

आता इसवी सन. सगळे सरसकट ७८ मिळवतात आणि इथेच एक वर्ष चुकतं. चैत्रापासून साधारण मार्गशीर्ष-पौषापर्यंत ७८, जानेवारी उजाडल्यावर ७९. फाल्गुन वद्य म्हणजे १७९१ + ७९, मार्च १८७०.

हिशेब लावा. १८९४ मध्ये विष्णू ७ वर्षांचा, म्हणजे जन्म १८८७ च्या आसपास. वाटणी करून घेणारा माणूस १८७० मध्ये किमान विशीचा धरला तर जन्म १८५० च्या आसपास किंवा आधीचा. मुलगा झाला तेव्हा वय ३७ च्या पुढेमागे. बसतं.

पण बसतं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. आप्पाजी राघो, त्याचा मुलगा राघो आप्पाजी, त्याचा मुलगा पुन्हा आप्पाजी राघो. नाव आणि वडलांचं नाव दोन्ही जुळणारी दोन माणसं, पन्नास-साठ वर्षांच्या अंतराने, एकाच घरात! हौशी वंशावळींत दोन पिढ्या गळतात त्या बहुतेक इथेच. म्हणून दोन नावांवर कधी थांबू नये, आजोबांचं तिसरं नाव किंवा जमिनीतला हिस्सा जुळला तरच माणूस एक धरावा.

मागे गेलात की दुसऱ्या कालगणना लागतील. सुहूर सन (कागदात ‘अरबी सन’) शब्दांत लिहितात, आणि एकक आधी, हजार शेवटी. ‘सन खमस अशरीन मयातैन व अलफ’ म्हणजे ५ + २० + २०० + १०००, १२२५. त्यात ५९९ मिळवा: १८२४. वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून जानेवारीपासून मृगापर्यंतच्या तारखेला ६००. फसली सन (महसुली वर्ष) सुहूरपेक्षा ९ ने कमी, तिथे ५९० किंवा ५९१. मात्र निजामाच्या मुलखात फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं, तेव्हा मराठवाड्यातल्या कागदाला मृगाचा नियम लावू नका. आणि ‘छ १२ रजब’ असं दिसलं तर ‘छ’ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तारीख. तो कुणाच्या नावाचा भाग नव्हे.

दप्तरबंद:

संवत्सराचा ताळा चोख. त्याला आणखी दोन पुरावे जोडता येतील. शके १७६१ धरलं तर साल १८४० येतं. तेव्हा खटाव साताऱ्याच्या छत्रपतींच्या राज्यात होता, संस्थान खालसा झालं १८४८ ला. कागद स्टॅम्पचा असेल आणि त्यावर राणीचा छाप असेल तर १८४० चा प्रश्नच मिटला. आणि कागद उलटून पाठ बघा. १८६० च्या दशकात दस्तनोंदणीचा कायदा आला. शंभर रुपये किंवा जास्त किमतीच्या स्थावराचा दस्त नोंदवणं भाग होतं. दस्त नोंदलेला असेल तर पाठीवर दुय्यम निबंधकाचा शेरा असतो: कुणी, कुठल्या दिवशी, किती वाजता हजर केला, कुठल्या बुकात कितव्या नंबरावर चढवला. हा शेरा म्हणजे सोन्याची खाण, कारण हजर राहणाऱ्याची ओळख तिथे जात, धंदा, राहण्याचं गाव अशी पूर्ण लिहिलेली असते, आणि ओळख पटवणारे बहुधा भाऊबंद किंवा शेजारी.

त्या नंबरावरून निबंधक कार्यालयात बुक १ ची नक्कल मागता येते. स्थावराचे दस्त बुक १ मध्ये, ते आणि त्याच्या सूच्या कुणालाही पाहता येतात. सूची १ नावांची, सूची २ मिळकतीची. मृत्युपत्रं बुक ३ मध्ये, त्याला हा मोकळा नियम नाही. सूची बघताना ‘कुलकर्णी’ आणि ‘पिंपळगावकर’ दोन्ही आडनावांखाली बघाच, शिवाय ‘आप्पाजी’ या पहिल्या नावाखालीही. जुन्या सूचीत अनुक्रम आडनावाचा असेलच असं नाही.

आता जमीन. सातबारावरून थेट एकोणिसाव्या शतकात उडी मारता येत नाही, पायऱ्या उतरत जावं लागतं आणि पहिल्याच पायरीवर माणसं अडखळतात. गट नंबर हा एकत्रीकरणानंतरचा आकडा, १९४७ च्या कायद्यातून आलेला. त्याच्या आधीच्या कुठल्याही कागदात तो नाही. गट ३१२ असेल आणि तुम्ही जुन्या दप्तरात ३१२ नंबर शोधला तर गावच्या दुसऱ्या टोकाचं, भलत्याच घराण्याचं शेत सापडेल. इतकंच काय, चांगली वंशावळही लागेल! फक्त ती तुमची नसेल. म्हणून आधी भूमि अभिलेखच्या तालुका कार्यालयातून एकत्रीकरणाचा ९(३) ९(४) उतारा घ्या. त्यात जुना सर्व्हे नंबर, हिस्सा आणि नवा गट समोरासमोर असतात.

जुना सर्व्हे नंबर हातात आला की सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेले फेरफार (मालकी बदलल्याची नोंद) नंबर एकेक करून मागे नेत जा. वारसाचा फेरफार सगळ्यात मोलाचा: मयताचं नाव, मृत्यूचा सुमार, वारस आणि त्यांचं नातं. हे मागे मागे जात हक्कपत्रकापर्यंत, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पोचतं. तिथून पुढे, खरं तर मागे, मोजणीचे कागद: शेतवारपत्रक, पक्का बुक, प्रतिबुक, क्लासर रजिस्टर, फाळणी. वहिवाटदाराचं नाव कशात सापडेल ते गावागावावर अवलंबून आहे, पण शेतवारपत्रक आणि पक्का बुक आधी मागा. सरकारी धारा (शेतसारा) एकदा ठरला की तीस वर्षं कायम, त्यामुळे पहिली मोजणी आणि फेरमोजणी यांत साधारण एका पिढीचं अंतर पडतं. पहिल्यात राघो आणि दुसऱ्यात आप्पाजी एकाच नंबरावर सापडला, की बापलेकाचा दुवा भक्कम.

अर्ज कसा लिहायचा तेही महत्त्वाचं. ‘आमच्या घराण्याचे सर्व जुने कागद मिळावेत’ असा अर्ज केला की ‘आढळून येत नाही’ असा शिक्का ठरलेला. एका अर्जात एक कागद: कागदाचं नाव, मौजे, तालुका, जुना सर्व्हे नंबर, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत. आधी पाहणीचा अर्ज, पान सापडल्यावर नकलेचा. आणि त्याच्याही आधी ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर बघा, तुमच्या गावाचे काही कागद स्कॅन झालेले असतील तर एक हेलपाटा वाचेल.

२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्यभर जुनी दप्तरं उघडली गेली. त्या कामासाठी तपासायच्या कागदांची यादी ठरली होती: खासरापत्रक, पाहणीपत्रक, कुळ नोंदवही, गाव नमुना १४, शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर, अबकारी परवान्यांच्या वह्या, कारागृहाची रजिस्टरं, पोलिसांची जुनी रजिस्टरं. जात कुठलीही असो, माग काढणाऱ्याने ती यादी जवळ ठेवावी.

गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, याबद्दल एक सावधगिरी. जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव सहसा नसतंच. बारसं व्हायच्या आधीच कोतवालाने नोंद दिलेली असते: तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. तेव्हा ‘विष्णू’ शोधू नका. १८८६ ते १८८८ या तीन सालांत ‘आप्पाजी राघो’च्या घरी झालेला मुलगा शोधा. शाळेतलं वय एक-दोन वर्षांनी इकडेतिकडे असणारच, मास्तरांनी चेहरा बघून लिहिलेलं ते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. तुमचं गाव १९४८ पूर्वी कुणाच्या अमलाखाली होतं? खटाव तालुक्यातली सगळी गावं ब्रिटिश मुलखात नव्हती. खुद्द औंध आज त्याच तालुक्यात आहे आणि ते प्रतिनिधींच्या संस्थानाचं ठाणं होतं. गाव संस्थानी असेल तर वर सांगितलेली कागदांची साखळी जशीच्या तशी लागू होत नाही, संस्थानच्या दप्तराचा माग काढावा लागतो. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सातारा खंड, १९ वा, १८८५ चा, आधी उघडा. त्या काळचे तालुके आणि संस्थानं त्यातून कळतील, मग कचेरी गाठा.

तक्षीमदार:

आडनावाचं बोलतो. ‘कुलकर्णी’ आणि ‘पिंपळगावकर’ यांत विरोध काहीच नाही. कुलकर्णी हे मुळात आडनाव नव्हे, तो हुद्दा. गावचा हिशेब ठेवणारा वतनदार, आणि वतन म्हणजे पिढीजात हुद्दा व त्याचं उत्पन्न. दस्तात माणूस हुद्द्यानिशी येतो, कारण हक्क त्या हुद्द्यावर आहे: ‘आप्पाजी राघो कुलकर्णी मौजे अमुक’. १८७० च्या वाटणीत वतनही वाटलं जात असेल तर तिथे ‘पिंपळगावकर’ लिहून काय साधणार? शाळेचं गणित वेगळं. एका वर्गात चार कुलकर्णी बसले की मास्तर वेगळेपणासाठी दुसरं नाव लावणार. आडनाव घट्ट झालं ते शाळा, पलटण, सरकारी नोकरी आणि कोर्ट यांच्या रजिस्टरांमुळे. त्याआधी ते बरंचसं प्रसंगाप्रमाणे बदलायचं. सख्ख्या भावांपैकी एकाचं घर कुलकर्णी आणि दुसऱ्याचं पिंपळगावकर अशी उदाहरणं पैशाला पासरी.

‘कर’ म्हणजे मूळ गाव, हे अर्धसत्य आहे. पिंपळगावात राहणाऱ्याला पिंपळगावकर कोण म्हणणार? तिथे सगळेच पिंपळगावकर. हे नाव चिकटतं गाव सोडल्यावर, नव्या गावात. म्हणजे ते सांगतं ‘यांच्या आधीचा मुक्काम कुठला’, किंवा ‘वतन कुठलं’. सात पिढ्यांमागचं उगमस्थान ते सांगत नाही. शिवाय एका कुलकर्ण्याकडे दोन-चार गावांचं वतन असायचं, राहायचा एका गावी आणि नाव पडायचं दुसऱ्या गावचं.

आणि पिंपळगावं किती? नाशिकचं बसवंत, जुन्नरकडचं जोगा, बुलढाण्याचं पिंपळगाव राजा ही तीन नुसती नावाजलेली. पिंपळ आणि पाणवठा असला की पिंपळगाव झालंच. शेजारच्या तालुक्यातली वाडीही असू शकते. ‘नाशिककडचं’ हे वाक्य घरात कधी शिरलं ते बघा. पुष्कळदा मूळ आठवण फक्त ‘पिंपळगाव’ एवढीच असते, आणि नंतर कुणीतरी नकाशात किंवा बाजारभावाच्या बातमीत ठळक दिसलेलं पिंपळगाव तिला जोडून देतं. माझा कौल असा: खटावपासून दोन दिवसांच्या चालीतली पिंपळगावं आणि पिंपळवाड्या आधी तपासा, नाशिक शेवटी.

गोत्राने माणूस सिद्ध होत नाही, बाद मात्र होतो. एकच गोत्र हजारो घरांत सापडेल. पण गोत्र, वेदशाखा आणि कुलदैवत या तिन्हींत एक जरी बसलं नाही तर ते घराणं वेगळं धरा, दत्तकाचा पुरावा नसेल तोवर. कुलदैवत जेजुरी-तुळजापूर असेल तर त्याचा माग काढायला उपयोग नाही, ते अर्ध्या महाराष्ट्राचं. पण घरात एखाद्या आडगावच्या देवाला वर्षातून एकदा नारळ पाठवायची चाल असेल, तर तो देव कुठला हे आधी विचारा. आडनावापेक्षा जुना दुवा बहुधा तोच असतो. मराठा-कुणबी घराण्यांत हेच काम देवक करतं. आडनाव एक आणि देवक वेगळं, तर कुळ वेगळं.

राहता राहिली आडनावांच्या व्युत्पत्तीची पुस्तकं आणि फिरणारे लेख. अमुक आडनाव अमुक राजवंशावरून आलं, छाप. मनोरंजन म्हणून वाचा. व्युत्पत्तीतून शब्द कळतो, माणूस नाही.

तुमच्यासाठी खरा कागद वतनाचा. १८७४ चा वतन कायदा झाला तेव्हा गावोगाव वतनदारांची चौकशी होऊन नोंदणी झाली. काम करायचा हक्क कुणाचा, पाळी कुणाची, हे ठरवायला तक्षिमा (हिस्से) मांडाव्या लागल्या आणि तक्षिमा मांडायच्या तर वंशावळ हवी. त्या वंशावळी भाऊबंदांसमोर तपासलेल्या असत, कारण एक नाव जास्त घुसलं तर बाकीच्यांचा वाटा कमी होणार! लोभापोटी झालेली ही तपासणी आपल्या कामाची. वतन रजिस्टर तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मागा. इनाम जमीन असेल तर त्याहून मागे, १८५२ च्या कायद्याने चाललेल्या इनाम कमिशनच्या चौकशीचे कागद आहेत. ते आणि साताऱ्याच्या महाराजांचे रुमाल, दोन्हींसाठी पुण्याचं पुराभिलेखागार. रुमाल म्हणजे फडक्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा, मोडीच मोडी. गाव, प्रांत आणि साल ठाऊक नसताना तिथे जाऊन काही हाती लागत नाही, म्हणून ती पायरी शेवटची.

खापरपणतू:

बरंच उलगडलं. कागदाची पाठ पाहिली. शेरा आहे, राणीचा छापही आहे. ‘शुक्लनाम’ हे आता नीट लागलं. एक अडचण: वाटणीपत्रात एका ठिकाणी ‘दोन आणे आठ पै’ असं येतं, पण जमिनीचा धारा म्हणावा तर फारच थोडा वाटतो. आणि एक नाव ‘गं. भा. काशीबाई भ्रतार’ असं आहे, पुढचं लागत नाही.

तसंच, त्र्यंबकेश्वरला किंवा पंढरपूरला तीर्थोपाध्यांच्या वहीत नाव सापडेल असं घरचे म्हणतात. त्यावर किती भरवसा ठेवायचा?

मोडी_वाचक:

‘भ्रतार’च्या पुढे नवऱ्याचं नाव आहे. गं. भा. म्हणजे गंगाभागीरथी, ती विधवा. मराठा-कुणबी वगैरे घरांच्या कागदात याच जागी बहुधा ‘कोम’ (अमुकची बायको) येतं, आणि पुरुषाच्या नावात ‘बिन’ किंवा ‘वलद’ (अमुकचा मुलगा). ब्राह्मणी नावात बिन न लावता वडलांचं नाव नुसतं जोडतात, तुमच्या ‘आप्पाजी राघो’सारखं. तेव्हा राघो हे वडील, याबद्दल शंका नको.

नवऱ्याचं नाव लागत नसेल तर अक्षर ओळखायच्या मागे लागू नका, लिहिणाऱ्याची सवय ओळखा. मोडीत शब्द तोडत नाहीत, रेघ आधी ओढून अक्षरं तिला टांगतात, आणि ओळ संपली की शब्द कुठेही मोडून खाली जातो. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नाही. त्याच कागदात जी नावं नक्की लागली आहेत (आप्पाजी, राघो, फाल्गुन) त्यांतली अक्षरं ट्रेसिंग कागदावर उतरवून घ्या. त्या एका हाताचा तक्ता तयार होईल. छापील मोडी तक्ता शिकायला ठीक, पण शिकस्ता (घाईचं, मोडतं अक्षर) लिहिणाऱ्या कारकुनाचा ‘र’ आणि ‘व’ त्या तक्त्यासारखा कधीच नसतो. फोटो काढताना उजेड बाजूने, तिरका पाडा, घडीवरची पुसट शाई उठून दिसते. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको.

नवऱ्याचं नाव ‘राघो’ निघालं तर काशीबाई ही आप्पाजीची आई. वेगळं निघालं तर ती निपुत्रिक मेलेल्या वाटेकऱ्याची विधवा असण्याचा संभव मोठा, आणि मग दत्तकाकडे लक्ष ठेवा. अशा घरात दत्तक गेलेल्या मुलाचं बापाचं नाव बदलतं, कधी आडनावही. तुमच्या ‘एका माणसाची दोन आडनावं’ या कोड्याचं तिसरं उत्तर तेही असू शकतं. दत्तकपत्र नोंदलेलं असेल तर तेही निबंधकाकडे.

बाईचं माहेर शोधायला मात्र दस्त फारसे कामाला येत नाहीत. कुलवृत्तान्त (घराण्याची माहिती व वंशावळ) छापलेला असेल तर त्यात सोयरीक सापडते, नाहीतर तीर्थोपाध्याच्या वहीत.

शके_संवत्सर:

वहीबद्दल. भरवशाची आहे, पण मर्यादेत. श्राद्धात बाप, आजा, पणजा अशी तीन नावं उच्चारावी लागतात आणि आईच्या वडलांकडचीही तीन. यजमानाला तेवढी पाठ असायची, म्हणून तीन पिढ्यांपर्यंतची नोंद घट्ट. त्यापलीकडचं वहीत दिसलं तर ते उपाध्यांनी आधीच्या नोंदीवरून जोडलेलं असतं, ती आधीची नोंद दाखवायला सांगा. नंतरच्या पिढीने उतरवून काढलेली नवी वही दाखवत असतील तर जुनी मागा, नकलेत पिढी गळते.

वह्या गावावरून लावलेल्या असतात आणि गाव म्हणजे नोंद झाली त्या वेळचं गाव. म्हणून खटावमधलं गाव, ‘पिंपळगाव’ आणि आडनावाला ‘कुलकर्णी’, तिन्ही वाटांनी विचारा. नाशिक-त्र्यंबकला सिंहस्थाच्या वर्षी नोंदी दाट असतात. तुमच्या बाबतीत वहीचा खरा उपयोग पणजोबांच्या नावासाठी नाही. राघो किंवा त्याच्या बापाने ‘हल्ली वस्ती’ आणि ‘मूळ’ अशी दोन गावं लिहून दिली असतील, तर कुठलं पिंपळगाव हा वाद तिथेच संपेल.

तक्षीमदार:

दोन आणे आठ पै हा धारा नाही, हिस्सा आहे. सगळी मिळकत रुपया धरायची, म्हणजे सोळा आणे, आणि आणा म्हणजे बारा पै. एकूण १९२ पै, दोन आणे आठ पै म्हणजे ३२. बरोबर सहावा हिस्सा.

सहावा हिस्सा तीन तऱ्हांनी येतो. सहा सख्खे भाऊ. किंवा आधी दोन शाखा आठ-आठ आण्यांच्या आणि त्यातल्या एकीत तीन भाऊ. किंवा तीन शाखा पाच आणे चार पैच्या आणि एकीत दोन भाऊ. कुठली तऱ्हा ते बाकीचे वाटेकरी सांगतील. वाटणीपत्रातली सगळी नावं आणि त्यांच्यापुढचे आणे एका कागदावर उतरवा. तिघांच्या नावात ‘राघो’ येत असेल आणि उरलेल्या आठ आण्यांपुढे दुसऱ्याच बापाचं नाव असेल, तर राघोचा भाऊ सापडला. काशीबाईपुढे किती आणे आहेत ते आधी बघा. पूर्ण आठ असतील तर तिचा नवरा राघोचा भाऊ किंवा पुतण्या, म्हणजे दुसरी शाखा. दोन आणे आठ पै असतील तर बहुधा आप्पाजीच्या मेलेल्या भावाची बायको.

वतन रजिस्टर मागताना हाच आकडा जवळ ठेवा. रजिस्टरात आडनाव काहीही लिहिलेलं असो, मौजे तुमचं आणि ‘आप्पाजी राघो’पुढे सहावा हिस्सा दिसला, तर तो तुमचाच माणूस. आणि त्याच पानावर, वंशावळीत राघोच्या डोक्यावर जे नाव असेल, ते इथे टाका.